घरपोच सवाष्ण

सदाशिव पेठ, सोमवार

सौ. शालन हिस ताईचे आशीर्वाद.

तुझे गुडघे आणि दीनानाथरावांचा दमा दोन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालते. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही (येतं, पण शेजारी भिंतीला कान लावतात), म्हणून हे पत्र. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून घे.

आमच्या नातीनं, अपूर्वानं, नोकरी सोडली. हिंजवडीची, बसनं नेऊन आणणारी. कारण काय, तर श्रावणातल्या शुक्रवारी तिच्या मॅडमना जेवायला सवाष्ण मिळाली नाही. पेठेतल्या सुना ऑफिसात आणि सासवा अमेरिकेत नातवंडं सांभाळायला. मग हिनं मोबाइलवर सोय काढली. बटण दाबायचं, की जवळात जवळची सवाष्ण फोटोसकट दिसते आणि ताटावर हजर होते. याला स्टार्टअप म्हणतात (अजून सुरू काहीच नाही). येत्या शनिवारी बाणेरच्या हॉलात हे परीक्षकांपुढं मांडायचं, चार मिनिटांत. पटलं तर ते पैसे घालतील. नाही पटलं तर पुन्हा नोकरी, आणि तिच्या बापाचं "मी सांगत होतो" जन्मभर.

सरावाला परीक्षक मी. रोज दोनदा ऐकते. पहिल्याच दिवशी विचारलं, "बाईचा नवरा जिवंत आहे हे कोण बघणार?" म्हणाली, "आजी, बाई स्वतःच भरते. विश्वासावर चालतं." म्हटलं, इथं भोक आहे. तर दोन दिवस माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलली.

चाळीस वर्षं या गल्लीत माझ्यावाचून कुणाचा शुक्रवार झाला नाही. हे गेले त्या श्रावणापासून एकीनं बोलावलं नाही. बारा वर्षं झाली. पुरण पचतही नाही म्हणा आता.

शनिवारी सकाळच्या बसनं नक्की ये.

तुझी ताई, दुर्गा

ता. क. तुझं नाव यादीत घालायला सांगितलंय. दीनानाथरावांना शनिवारपर्यंत जप.

आणखी ता. क. स्टेजवर ती सगळ्यांदेखत बटण दाबणार आणि जवळची सवाष्ण मोठ्या पडद्यावर दिसणार. म्हणून तू पहिल्या रांगेत बस, मी पार मागं बसते. ती आंघोळीला गेली असताना मी माझंही नाव भरून ठेवलंय. काढायचं कसं ते येत नाही, आणि तिला सांगवत नाही. नवऱ्याचा रकाना मोकळा सोडला तर ते पुढं जाईना. 'बाहेरगावी' लिहिलं. लगेच घेतलं.