जाताना साडेसहा, येताना साडेचोवीस

संगमनेर,
१४ एप्रिल २०२५

चि. भार्गवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोललो असतो, पण तुझी आई शेजारीच बसलेली असते. म्हणून कागदावर लिहून शेजारच्या मच्छिंद्रला फोटो पाठवायला सांगतो आहे.

तिचं तिकीट पाहिलं. मुंबईहून पहाटे दोनला निघून न्यूअर्कला त्याच दिवशी सकाळी साडेआठला. म्हणजे साडेसहा तास. ठीक. पण परतीचं विमान दुपारी बाराला निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी साडेबाराला पोचतं. साडेचोवीस तास! अंतर तेच साडेबारा हजार किलोमीटर, मग येताना कुठून फिरवून आणतात? तिचे गुडघे तुला ठाऊक आहेत. तिकीट रद्द कर. बाळंतपणाला तिकडे बाई मिळते असं ऐकतो.

आशीर्वाद आहेतच, राग नसावा.
तुझे बाबा

न्यू जर्सी,
१५ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं धरून बसले. जाताना सोळा तास, येताना पंधरा. बाकीचा फरक घड्याळांचा, इथलं साडेनऊ तास मागे आहे. हे मी तुम्हाला सांगायचं? पंधरा अंशांना एक तास, हे आठवीत तुम्हीच शिकवलंत. ते चुकलं म्हणून आपल्या केदारदादाला भर वर्गात बाकावर उभं केलंत. चौतीस वर्षं भूगोल शिकवून तुम्हाला हे येत नाही, यावर मी विश्वास ठेवायचा?

डॉक्टरांनी दहा जून सांगितली आहे. रक्तदाब वाढलाय, झोपून राहायला सांगितलंय. मला बाई नकोय, आई हवी आहे. खरं कारण काय ते एकदा लिहा.

लोभ कमी करू नका, सबबी कमी करा.
तुमची भार्गवी

संगमनेर,
१६ एप्रिल

चि. भार्गवीस,
अ. उ. आ.

मच्छिंद्रच्या मोबाईलचा रिचार्ज संपलेला. मला म्हणाला, सरांनी सांगितलंय कुनाला दाखवू नको, पन काकू, फोन तुमचाच द्या. त्यामुळे ह्यांचं पत्र माझ्या फोनवरून गेलं, तुझं उत्तरही त्यावरच आलं, आणि दोन्ही मी वाचली.

ह्यांना सरळ विचारलं. आधी गुडघे म्हणाले, मग विमानातलं जेवण. शेवटी म्हणाले, तीन महिने तू नसलीस तर घर खायला उठेल. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच असं काही बोलले. ऐकून बरं वाटलं आणि संतापही आला, हे आधीच बोलायला काय झालं होतं?

राग तुझाही आलाय. ते म्हणतात पाठवत नाही, तू म्हणतेस पाठवा. मला दोघांनीही विचारलं नाही. तर मी येते आहे. ह्यांना कुकर लावायला शिकवते आहे. तीन शिट्ट्या बरोबर मोजतात, तिथे गणित चुकत नाही.

आणि सोळा तासांची भीती मला कोणी घालू नका. लग्न झाल्यापासून सलग सोळा तास मी एका जागी बसलेली नाही, आणि तेवढ्यात दोनदा कोणी आयतं ताट हातात आणून दिलेलं नाही. खिडकीची जागा मिळते का बघ.

लोभ सोबतच घेऊन येते.
तुझी आई, विजया