डाव्या बाजूचा आवाज

बाबा,

मी कामावर निघाले. तुमची झोप मोडली नाही. उठल्यावर आधी सीडी प्लेअर लावा आणि तुमच्या खुर्चीत बसून ऐका. दोन्ही बाजूंनी आवाज येतोय!

डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय असं तुम्ही परवा म्हणालात. आज सकाळी मी त्याच खुर्चीत बसले, तर मलाही डावीकडून काही ऐकू येईना! मग प्लेअरपासून स्पीकरपर्यंतच्या दोन्ही वायरी दोन्ही टोकांनी काढून त्यांची अदलाबदल केली. लगेच डावा स्पीकर वाजायला लागला आणि उजवा गप्प. म्हणजे तुमचा कान ठणठणीत आहे, वायर तेवढी आतून तुटली होती. दुसरी जोडली आणि तिथेच फरशीवर बसून एकटीच हसत सुटले. तरी म्हटलं, काल तुमच्या डावीकडे उभी राहून 'हट्टी म्हातारा' पुटपुटले, ते तुम्हाला बरं कसं ऐकू आलं!

कानामुळे तुमची व्हायोलिनची शिकवणी बंद झाल्याचं मुलांना कळव, असं तुम्ही सांगितलं होतंत. मला धीरच झाला नाही, कुणालाच कळवलं नाही. संध्याकाळी सगळी येतील. व्हायोलिन सुरात लावून ठेवा.

– ठकी