झाकणावरचे थेंब

प्रिय लिगाया,

तू गेलीस त्याला आता काही महिने झाले, हिवाळा सरत आला. आधीची दोन्ही पत्रं परत आली. फोन लावला तर कुणी बाई तुमच्या भाषेत काही बोलते आणि बंद होतो. शेवटी शाळेच्या ऑफिसातल्या इशिमोरीबाईंनी मनिलातल्या तुझ्या बहिणीचा पत्ता दिला, तोही इकडेतिकडे बघत. त्या पत्त्यावर हे लिहिते आहे. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, लिहिण्याची सवय ती घरखर्चाच्या वहीची. पण तुला वाचता येतील अशी सोपीच अक्षरं घातली आहेत. सावकाश वाच.

इकडे बंदरावर शेवाळाची काढणी सुरू झाली आहे. हे पहाटेच होडीवर जातात, परत आले की हातांच्या भेगांत मीठ भरलेलं असतं. तुझी वरची खोली तशीच आहे. खिडकीत तू ठेवलेली मारियामातेची छोटी मूर्ती मी रोज पुसते. कुणाचाही असो, देवावर धूळ बसू देऊ नये.

शाळेत शिकवायला म्हणून तू आमच्याकडे राहायला आलीस, त्या पहिल्या संध्याकाळी टेबलावर चौथं ताट बघून विचारलं होतंस, "काकू, अजून कोण येणार आहे?" ह्यांनी मान वर न करता सांगितलं, "मुलगा." तुला वाटलं, टोकियोला नोकरीला असेल, सुटीत येईल. दूर गेलेल्या माणसासाठी असं जेवण मांडायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे तो असेल तिथे उपाशी राहत नाही, हे मी तुला नंतर सांगितलं. सुपाच्या वाटीवरचं झाकण उचललं आणि आतून थेंब दिसले की माणूस सुखरूप, हेही सांगितलं. तो कुठे गेला ते मात्र सांगितलं नाही. आमचा शिंगो चौदाचा होता. समुद्र गावात शिरला त्या दुपारी तो शाळेतून घरी यायला निघाला होता. तो सापडलाच नाही. मी रोज सूप उकळतं असतानाच वाटीत ओतायची आणि झाकण ठेवायची. थेंब कसे येणार नाहीत?

मग शाळेचा महोत्सव आला आणि तुझ्या वर्गाने भूतघर करायचं ठरवलं. तुझी ती बडबडी चिहारू आमच्या स्वयंपाकघरात येऊन हुज्जत घालत होती, "सगळ्या शाळांत भुतं चालतात, आमच्याच शाळेला काय सोनं लागलंय?" समुद्र आला, घरोघरची माणसं गेली, त्या वर्षी ही पोरं पाळण्यात होती. हेडमास्तर तुला म्हणाले, "जरा अवघड आहे." आमच्यात याचा अर्थ 'नको' असा. तू म्हणालीस, "मग जास्त मेहनत करू, सर!" आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या रात्री जेवताना हे मला हळूच म्हणाले, "तिला कुणीतरी सांगायला पाहिजे." मी म्हटलं, "तुम्ही सांगा." ते म्हणाले, "मी कसा सांगू?" असं घराघरांत चाललं असणार. आणि माझ्यापुरतं म्हणशील, तर मला ते भूतघर हवं होतं.

अडगळीतून जुने गणवेश काढून, बादलीत भिजवून अंधारात टांगायचे, ही कल्पना तुझी. ओलं कापड तोंडाला लागलं की माणूस दचकतो, तुझ्या मनात एवढंच. ते जुन्या शाळेचे, शिंगोच्या वेळचे गणवेश होते. पोरांनी मुकाट्याने टांगले.

मी एकटीच आत गेले. दोरीला लोंबणारे कोन्याकूचे, त्या लिबलिबीत कंदाच्या वडीचे, थंडगार तुकडे गालाला लागले, मला हसूही आलं. पुढे वळणावर ते गणवेश होते. थेंब थेंब पाणी गळत होतं. मी एक बाही धरली आणि हाक मारली, "शिंगो." परत मारली. तोंडावर केस सोडलेलं एक भूत कोपऱ्यातून पुढे आलं आणि रडवेल्या आवाजात म्हणालं, "काकू, मी चिहारू आहे. मी खरं भूत नाही हो." मी तिला म्हटलं, "असतीस तर बरं झालं असतं गं."

बाहेर आले तेव्हा गावातल्या तात्सुमींच्या सासूबाई ते ओले गणवेश बघून नळाजवळ ओकत होत्या. पुढचं तुला माहीत आहे. पालकांची सभा, तुझं मिठाईचा डबा घेऊन दारोदार जाऊन माफी मागणं. आपल्या घरी तर तू वरून खाली आलीस, चपला घालून बाहेर गेलीस आणि परक्यासारखी दारातून आत येऊन जमिनीला कपाळ टेकलंस. मी डबा घेऊन आत निघून गेले. तुला वाटलं काकू रागावल्या. अगं, राग माझा माझ्यावरच होता, शिंगोचं तुला मीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तू गेलीसही.

जिवंत माणसाला कुणी भूतघरात शोधायला जात नाही, लिगाया. बाही धरून हाक मारली तेव्हाच मला ते कळलं. तू गेलीस त्या सकाळी मी शिंगोचा भात टेबलावर न मांडता देव्हाऱ्यात, सासूसासऱ्यांच्या शेजारी ठेवला. ह्यांनी येऊन घंटा वाजवली. वसंतात भटजी त्याचं मरणानंतरचं नाव लिहून देतील. कलशात अस्थी नाहीत, तिथे ती बाही ठेवू. चिहारूने ती कापून, धुऊन, इस्त्री करून आणून दिली.

महिन्याचे तांदूळ मी अजून चौघांचेच घेते. सुपाची ती लाल झाकणाची वाटी टेबलावरच आहे, पण आता तुझ्या जागी, तुझ्यासाठी. रोज उकळतं सूप ओतते, रोज झाकण उचलते. थेंब असतात. हे विचारतात, "बरी आहे ना पोर?" मी हो म्हणते. पण वाफेचे थेंब कसे येतात हे मला ठाऊक आहे गं, आता माझा त्यांच्यावर भरवसा उरला नाही. जाताना तुझा चेहरा मी पाहिला होता. तसा चेहरा करून गेलेलं माणूस परत आलं नाही तर मी कुठे शोधू? म्हणून हे पत्र. यायचं नसेल तर येऊ नकोस. फक्त तुझ्या हाताने एक ओळ लिही.

वाट बघणारी,
तुझीच किनुयोकाकू