बाबांचा वाढलेला आकडा

दादा,

काल डॉक्टरांनी बाबांचा जुना रिपोर्ट मला समजावला. त्यात वाढलेलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातलं द्रव्य यकृतातून येतं, तसंच हाडांतूनही. यकृताच्या बाकी तपासण्या नॉर्मल होत्या. आकडा वाढला तो हाडांमुळे; कॅन्सर तिथे पोचला होता.

तू मात्र एकच ओळ वाचून सगळ्यांसमोर म्हणालास, "लिव्हर बोलतंय बाबा! चोरून किती घेता?" जन्मभर शिवणयंत्रावर वाकलेला माणूस उठून आत गेला. पुढे कंबर दुखते म्हणणंही त्यांनी सोडलं. आणि ते गेल्यावरही तू लोकांना सांगितलंस, "पिण्यानं गेले." लाज कशी वाटली नाही तुला?

मीही एकदा त्यांचा पेला हुंगला होता. पाणीच होतं, आणि बाबा दारात उभे होते. म्हणून हे पत्र पाठवायला मला तोंड नाही.

तुझी धाकटी बहीण