एक खातं, दोन खोल्या

बाबा, आज हे तुमच्या खुर्चीत बसून लिहितेय. उशी अजून तीच आहे. तुमच्या या म्हाताऱ्या कम्प्युटरला जागं व्हायला अजूनही एक चहा होईल इतका वेळ लागतो, आणि तोवर मी तुमच्यासारखीच त्याच्यावर चिडते.

समोरच्या खोलीत तुमचा आणि आत, स्वयंपाकघराला लागून, माझा, असे दोन कम्प्युटर घरी आले तेव्हा अर्धं बाभुळगाव हसलं होतं. माणसं दोन, कम्प्युटर दोन! पण ईमेलचं खातं मात्र एकच. मला माझं वेगळं हवं होतं. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "वेगळं कायले पाहिजे? चूल वेगळी करून राह्यली का?" आई गेल्यापासून त्या चुलीचं मीच बघत होते, ती वेगळी कुठून करणार? मग तुमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या सोबत्यांचे सुविचार आणि माझी भाषांतराची कामं एकाच ठिकाणी येऊन पडू लागली.

एकदा मला नाशिकहून नोकरीचं पत्र आलं. मी बघते तर ते आधीच उघडलेलं, ठळक अक्षरं गेलेली. घरात वाचणारं दुसरं होतं कोण? मी समोरच्या खोलीत येऊन नको ते बोलले. "दुसऱ्याचं पत्र फोडता, लाज नाही वाटत?" तुम्ही टोपी घातली आणि बाहेर पडलात. त्यानंतर अबोला. ताट वाढायचं, ताट उचलायचं, बस. आपण दोघंही एकाच माळेचे मणी, आधी बोलणार कोण?

मग एका दुपारी, न पाठवलेली पत्रं जिथं पडून राहतात त्या ड्राफ्टच्या कप्प्यात तुमच्या ओळी दिसल्या. "भाजीत मीठ नव्हतं. पत्र वाचलं ते माह्यं चुकलं. तुले जायचं असन तर जाय. मी खिचडी शिकून घेईन." मी खालीच लिहिलं, "मीठ विसरले. जात नाही." लोक म्हणतात मी बापासाठी राहिले. खरं म्हणजे मलाच जायचं नव्हतं, पत्र हातात आल्यावर ते कळलं.

तेव्हापासून आपलं तसंच चाललं. पाठवायची गरजच नव्हती. इकडे लिहून ठेवलं की तिकडे दिसायचं. तोंडानं कधी कौतुक न करणारे तुम्ही तिथं लिहायचात, "आजचे पोहे बरे झालते." भिंतीपलीकडून तुमची एका बोटाची टकटक ऐकू यायची आणि मी आधीच खूश व्हायचे.

तुम्ही गेल्यावरही मी आत बसून लिहायचे आणि मग इथं येऊन, तुमचा कम्प्युटर लावून, आलंय का ते बघायचे. यायचं, बाबा, दरवेळी यायचं.

परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "एकटीले दोन दोन कम्प्युटर कायले लागते वो? थो समोरचा माह्या नातीले देऊन टाक. बारावी आहे तिची." बरोबरच होतं त्यांचं. मी हो म्हटलं. पण काल त्या न्यायला आल्या आणि तुमच्या वायरी काढायला माझा हात होईना. मी आतला, माझा, मागाहून बदलून नवा घेतलेला, देऊन टाकला. काकूंनी माझ्या गालांवरून हात फिरवला. "मन मोठं आहे वो तुहं." कसलं मोठं? तुमचा देववला नाही, एवढंच.

मघाशी अर्धं लिहून झाल्यावर सवयीनं उठले आणि तिकडे दिसतंय का ते बघायला आतल्या खोलीत गेले. टेबल रिकामं. फार एकटं वाटलं. परत तुमच्या खुर्चीत आले.

हे काही पाठवायचं नाहीच. फक्त एक सांगायचं राहिलं. आज भाजीत मीठ नव्हतं, बाबा. सगळी खाऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं.