गाडीच्या मागून येणारा आवाज

३ तारीख, सकाळी ६
आजपासून रोज लिहायचं. गाडीने चार दिवस: वाटेत मूळ रहिवाशांची जुनी ठिकाणं, शेवटी आजोबांचं गाव. तिथे आजोबांच्या नावाची पितळी पाटी लावणार. भाषण पाठ. तिथले मूळ लोक त्यांना फार मानत. आजोबा ते गाव सोडून निघाले तेव्हा त्यांनी सात कोरीव दगड प्रेमाने भेट दिले. सहांची माझ्या पहिल्या गॅरेजला पायरी केली, तिच्यावरूनच वर आलो. सातवा ताईच्या दाराला टेकण म्हणून. ताई सोबत आहे. तिची पिशवी डिकीत ठेवायला गेलो तर म्हणाली, राहू दे, सगळं ठेवून झालंय.

दुपारी २
मागून आवाज. ठक. वळणावर दोनदा. चाळीस वर्षांत हा कान चुकलेला नाही: मागच्या चाकाचा डावा बुश, रबर झिजलं.

४ तारीख, ११ वाजता
बुश बदलला. रस्त्याकडेचा मेकॅनिक विचारत होता, काका, आधी डिकी उघडून बघू का? म्हटलं, कान तयार व्हायला वेळ लागतो रे.

दुपारी ४
ठक. म्हणजे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर.
गुहेतली चित्रं पाहिली. भिंतभर हातांचे ठसे, सगळे बोटं पसरलेले, थांब म्हटल्यासारखे. रजिस्टरमध्ये पूर्ण नाव, आजोबांचं गाव लिहिलं. राखणदाराने वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि आत जाऊन फोन केला. स्वागताची तयारी पुढे कळवत असणार.

५ तारीख
दोन्ही शॉक नवे. आवाज वाढला.
चहाच्या दुकानात आजोबांचं नाव काढलं. सगळे कप टाकून उठले. बाहेर गाडीला गराडा घालून उभे राहिले, नंबर वाचत. अजून एवढी लोकप्रियता! ताई म्हणते, बाळ्या, पाटी परत ने, अजून वेळ आहे. पाटीवर तिचं नाव नाही, तेच खुपतंय.

६ तारीख, सकाळी ९
अख्खं गाव वेशीवर उभं. फुलं कोणाच्याच हातात नाहीत. साधे लोक.

दुपारी
गावामागे झरा, भोवती कोरीव दगडांचं कडं. त्यात सात खळगे रिकामे.
ताईने डिकी उघडली. स्टेपनीखालून दाराचा दगड काढला, पदराने पुसला, खळग्यात ठेवला. चपखल बसला. ठक.
तोच आवाज. बुश नव्हता.
एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, तुझ्या आजाने माझ्या बापाला झाडाला बांधून हे नेले. आईने मोजले होते. बाकीचे सहा कुठे आहेत?
ताई माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं आमच्या आईने सांगितलं होतं म्हणे. मला नाही, कारण मी ऐकून घेत नाही.
म्हटलं, घरी जाऊन बघतो.
म्हातारी म्हणाली, तू कशाला त्रास घेतोस, आम्हीच येतो. पहारी आहेत आमच्याकडे.

७ तारीख, पेट्रोल पंपावर
गाडी आता गप्प. पाटी मागच्या सीटवर, उपडी. ताई शांत झोपली आहे.
मागे त्यांची जीप. सकाळपासून कान देऊन ऐकतोय. जीपचं इंजिन ठणठणीत आहे. वाटेत बंद पडायची काही आशा नाही.