वरच्या घराचा शंख

मोर्न बाप्तिस,
२८ सप्टेंबर

गाव सोडून गेलेल्या लेकींनो आणि लेकांनो! वादळ आपल्या डोक्यावरून गेलं, रेडिओवर बचावलेल्या गावांची नावं सांगून झाली, आणि त्यांत मोर्न बाप्तिस नव्हतं. तुम्ही तिकडे बर्फाच्या देशात कान लावून बसलात आणि तुमची माणसं जिवंत आहेत की नाहीत, हे कुणी तुम्हाला सांगितलं नाही!

पाहिलंस, फिलोमेन? कागद पुढ्यात आला तरी मी सभेतच उभा असतो. हे पत्र तुला एकटीला आहे. कुणाला वाचून दाखवू नकोस. फोन फक्त ग्वेनेथच्या अंगणात लागतो आणि तिथं सगळं गाव ऐकत असतं, म्हणून लिहितो आहे. गावच्या नर्सचा भाऊ उद्या डोंगरवाटेनं पायी रोझो शहर गाठून मॉन्ट्रियलला निघतो आहे, त्याच्या हाती देईन.

तू आणि मुलं बरी असाल. इकडे चर्चचं छप्पर गेलं, केळी आडवी झाली. नीरफणस इतके पडले की सकाळ-संध्याकाळ तेच भाजून खातो. ग्वेनेथ म्हणते, "अजून आठवडाभर हेच खाल्लं तर मला फांद्या फुटतील." शाळेची पुस्तकं मी दोरीवर वाळत घातली आहेत.

तुझ्या आईच्या पायाला लागलं, हे ग्वेनेथनं तुला सांगितलंच असेल. पण त्यामागचं खरं तिला ठाऊक नाही. मला आहे.

आपली रीत मीच तुम्हाला वर्गात छाती काढून शिकवली. वारा पडला की पहिला शंख सगळ्यांत वरच्या, तुझ्या आईच्या घरातून. तो ऐकून मी फुंकायचा, माझा ऐकून ग्वेनेथनं, असं उतरत उतरत खाडीपर्यंत. वरचा ऐकू आला नाही तर आपला फुंकायचा नाही. आधी वर जाऊन पाहायचं.

त्या पहाटे वारा पडला आणि वरून शंख आला नाही.

मी थांबलो. जूनमध्ये रस्त्याच्या सभेत तुझी आई सगळ्यांदेखत मला म्हणाली होती, "टीचर, तुझ्या तोंडच्या वाऱ्यानं रस्ता झाला असता, तर आपण एव्हाना रोझोला पोचलो असतो. फावडं आण!" लोक पोट धरून हसले. तेव्हापासून मी तिच्याशी बोललो नव्हतो. मला वाटलं, म्हातारी मुद्दाम गप्प आहे, मी पडलेली झाडं ओलांडत तिच्या दारात जावं म्हणून. आणि खरं सांगतो, भीतीही वाटली. दरडी अजून कोसळत होत्या. खालून ग्वेनेथ ओरडत होती, "टीचर, काय झालं? फुंका की!"

मी फुंकला.

खालची घरं एकामागून एक वाजत गेली. लोक रडले, गळ्यात पडले, कोको उकळला. वर कुणी गेलं नाही. कशाला जाईल? दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वेनेथ भाजलेला नीरफणस घेऊन वर गेली, तेव्हा तुझी आई तुळईखाली सापडली. उजवा पाय चिरडला होता.

मी धावत पोचलो तोवर माणसं जमली होती. म्हणालो, "ऐका, मला काही सांगायचंय..."

"भाषण नको, टीचर, तुळई उचल!" ती खालूनच ओरडली. मग सगळ्यांना म्हणाली, "मी शंख फुंकला आणि मग हे लाकूड कोसळलं. आला ना ऐकू?"

"आला की, मा तितिन," ग्वेनेथ म्हणाली. "टीचरनी उत्तर नाही का दिलं?"

मी तुळईला खांदा लावला.

संध्याकाळी आम्ही दोघंच होतो तेव्हा विचारलं, "खोटं का बोललात?"

"मग काय सांगू? टीचरनं न ऐकताच फुंकला? उद्या शंखावर विश्वास कोण ठेवील? प्रत्येक जण आपलं माणूस शोधायला पुरात उतरेल आणि वाहून जाईल. तुझी अब्रू वाचवायला नाही रे बोलले. एवढा फुगू नकोस."

तिचं बरोबर आहे. त्यामुळे कबुली देऊन मोकळं होण्याची सोयही मला उरलेली नाही. गाव मला वाटेत थांबवून म्हणतं, "टीचर, तुमचा शंख ऐकला आणि जिवात जीव आला." मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

पाय काळा पडत चालला आहे. नर्स म्हणते, लवकर रोझोच्या इस्पितळात नेलं नाही तर पाय जाईल, आणि पायावरच थांबेल असं नाही. बोट दर गुरुवारी येते. परवाची तिनं परत पाठवली. वादळांचे दिवस अजून सरलेले नाहीत.

"मी गेले तर सगळ्यांत वरचं घर कुणाचं?" ती मला म्हणाली. "तुझं. आणि तुझ्या शंखाच्या भरवशावर मी गाव सोडू?"

हे ती हसत म्हणाली, फिलोमेन. ओरडली असती तर मी वाद घातला असता. माणसानं माणसाची हाक ऐकावी, असं मी जन्मभर व्यासपीठावरून सांगत आलो. हाक न येणंही ऐकावं लागतं, हे मात्र कधी म्हणालो नाही.

माझ्यावर राग धर. क्षमेचा विचार करत बसू नकोस, त्याला वेळ नाही. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. मिळेल त्या विमानानं ये, वरच्या घरात राहा, आणि येत्या गुरुवारी तिला बोटीत बसव.

तुझ्या आईच्या खालच्या घरातला,
अँसेल्म टेलेमाक